अ‍ॅडव्हायझर सही करून मोकळे होतात, वर्ग गप्प बसतो, मी शिक्षक व्हायचं सोडून देऊ का?

पत्र असं आलंय, जरा छोटं करून देतेय:

"ताई, मी युनिव्हर्सिटीत शिक्षक व्हायचं शिकतेय, मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, गणित, शेवटची दोन सेमिस्टर राहिलीत. आमच्याकडे प्रत्येकाला कोर्स निवडायला मार्गदर्शन करणारे एक अ‍ॅडव्हायझर असतात. माझ्या सरांना मी सेमिस्टरला एकदा भेटते, ते फॉर्म बघतात, सही करतात, सात-आठ मिनिटांत मी बाहेर. इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचे विषय, मी मैत्रिणींनी घेतले तेच घेत गेले. आता एका सिनियरनं सांगितलं की मोठ्या वर्गांना गणित शिकवायचं लायसन्स हवं असेल तर गणिताचे क्रेडिट, म्हणजे कोर्स पूर्ण केल्यावर जमा होणारी एककं, जास्त लागतात, तुझे कमी पडतील. ऐकून पोटात गोळाच आला. त्यात सराव पाठांचं वेगळंच रडगाणं. मागच्या पाठाला मी प्रश्न विचारला की कुणीच बोलायचं नाही, शेवटी मीच उत्तर द्यायचं, अख्खा तास असाच गेला. पाठ बघायला आलेल्या मॅडम म्हणाल्या टाचणाप्रमाणे, म्हणजे पाठाच्या लेखी आखणीप्रमाणे, चाललं नाही, आणि त्या वर्गाचे सर म्हणाले टाचण बाजूला ठेव, मुलांकडे बघ. मी ऐकू कुणाचं? मला वाटायला लागलंय मी या लाईनची नाहीच. सोडून देऊ का? की आधी अ‍ॅडव्हायझर बदलून घेऊ? – गोंधळलेली"

अगं, सोडायचा विचार आधी पंधरा-वीस दिवस बाजूला ठेव. विसर असं म्हणत नाहीये, नुसता बाजूला ठेव. कारण तुझ्या पत्रात तीन वेगवेगळे गुंते आहेत आणि ते एकमेकांत अडकून बसलेत, क्रेडिटचा वेगळा, अ‍ॅडव्हायझरचा वेगळा, वर्गाचा वेगळा, आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा हे तिन्ही मिळून एकच वाक्य होतं की "मी या लाईनची नाही". मी बरीच वर्षं शिक्षक व्हायला आलेल्या मुलामुलींना शिकवलं, त्यांची अ‍ॅडव्हायझर म्हणून पण काम केलं, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, बहुतेक वेळा ते अशा मुलांकडून ऐकलंय जी पुढे फार मनापासून शिकवतात.

क्रेडिटचं आधी बघू, कारण त्याला तारीख असते, बाकीच्यांना नसते.

एक गोष्ट अ‍ॅडमिशनच्या वेळीच सगळ्यांना सांगायला पाहिजे आणि नेमकी तीच कुणी धड सांगत नाही. डिग्री आणि शिकवायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिग्री युनिव्हर्सिटी देते. कुठल्या वर्गाला कुठला विषय शिकवता येईल हे दुसरंच कुणीतरी ठरवतं, कुठे सरकार, कुठे परिषद, कुठे राज्याचं बोर्ड. इंग्लंडमध्ये बघ, पीजीसीई ही पदवीनंतरची शैक्षणिक पात्रता आहे आणि क्यूटीएस हा शिक्षक म्हणून दर्जा आहे, बरेच कोर्स दोन्ही एकदम देतात म्हणून लोकांना ते एकच वाटतं, पण ते एक नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं, एका राज्यात शिकून दुसऱ्या राज्यात नोकरी धरायची तर पुन्हा कागद बघावे लागतात. फिनलंडमध्ये शाळेतल्या वर्गशिक्षकाला आणि विषयशिक्षकाला मास्टर्सपर्यंत जावंच लागतं, बॅचलर्सचे १८० आणि मास्टर्सचे १२० असे मिळून ३०० क्रेडिट. जागा बदलली की नियम बदलतो. एवढंच नाही, जागा तीच राहिली तरी नियम बदलतो, भारतात २८ जून २०१८ ला एनसीटीईनं, म्हणजे शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेनं, बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवी शिकवायला पात्र ठरवलं होतं, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा अशी अट घालून, आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्राथमिकच्या या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. मधल्या काळात ज्यांनी त्या भरवशावर बी.एड. घेतलं त्यांची डिग्री खरीच होती, कोर्स चांगला केला होता, तरी ज्यांची तोवर नेमणूक झाली नव्हती त्यांना ते दार बंद झालं.

आता तुझ्या अ‍ॅडव्हायझर सरांना डिग्रीचे नियम पक्के माहीत असतील, कारण ते त्यांच्याच विभागाचे आहेत. लायसन्सचे नियम त्यांना माहीत असतीलच असं नाही, आणि असले तरी ते दोन वर्षांपूर्वीचे असू शकतात. हे मी त्यांच्यावर आरोप म्हणून म्हणत नाहीये. माझ्या हातून हेच झालंय. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याला विज्ञान आणि गणित दोन्ही मेथड हव्या होत्या, त्यानं विचारलं एवढ्या क्रेडिटवर दोन्ही विषय शिकवता येतील ना, मी म्हटलं हो येतील, कारण आदल्या बॅचपर्यंत येत होते. मी नवीन परिपत्रक वाचलंच नव्हतं. त्याला एक सेमिस्टर जास्तीचं बसावं लागलं, त्याच्या घरी ते परवडण्यासारखं नव्हतं. त्यानं मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही आणि मला ते आजही टोचतं. तेव्हापासून मी माझ्या प्रत्येक मुलाला सांगायला लागले की माझ्या तोंडी शब्दावर काही ठरवू नकोस, मूळ कागद माझ्यासमोर ठेव आणि मग आपण दोघं वाचू.

म्हणून तू एक मोठा कागद घे. एका बाजूला डिग्रीला काय लागतं ते लिही, दुसऱ्या बाजूला तुला ज्या ठिकाणी, ज्या वर्गांना शिकवायचंय तिथल्या लायसन्सला काय लागतं ते. प्रत्येक ओळीपुढे तो नियम कुठल्या वर्षीचा ते लिही, हे वर्ष फार महत्त्वाचं आहे, कारण डिग्रीसाठी साधारणपणे तू अ‍ॅडमिशन घेतलीस त्या वर्षीचे नियम लागू होतात आणि लायसन्ससाठी बहुतेक ठिकाणी तू अर्ज करशील त्या वेळचे. हाच फरक मुलांच्या लक्षात येत नाही. मग तुझे झालेले क्रेडिट दोन्ही बाजूंना भर. गणिताच्या बाजूला किती कमी पडतात ते आकड्यात दिसेल. आणि आकडा दिसला ना, की पोटातला गोळा बराच लहान होतो बघ, सिनियरच्या "कमी पडतील" पेक्षा "दोन कोर्स कमी आहेत" हे पचवायला सोपं असतं. दोन कोर्स दोन सेमिस्टरमध्ये बसू शकतात, सुट्टीत घेता येतात, कधी कधी दुसऱ्या विभागातून घेतलेले चालतात. आणि समजा कमी पडतच नसतील तर सिनियरनं तुला उगीच घाबरवलं एवढंच, तिची चूक नाही, तिला पण कुणीतरी तसंच सांगितलं असणार.

एक अजून, हा कागद घेऊन सरांकडे जायच्या आधी ऑफिसात जा. फॉर्म तपासून घेणारे क्लार्क, परीक्षा विभागातल्या बाई, या लोकांना नियम जितके पाठ असतात तितके कुणालाच नसतात, कुणाचा अर्ज कुठे अडकला हे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलेलं असतं. त्यांच्याशी नीट बोल, गर्दीच्या दिवशी जाऊ नकोस.

आणि राहिलेले इलेक्टिव्ह निवडताना नुसते "गणिताचे क्रेडिट भरले" एवढ्यावर थांबू नकोस, तुला खरंच जे लागणारे ते बघ. एक करून बघ आत्ता. पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर तू दोन सेकंदात काढशील, साडेतीन. आता या उदाहरणाची गोष्ट सांग, सहावीतल्या मुलाला कळेल अशी. भरपूर जण इथे अडकतात, "पावणेदोन किलोचे दोघांत सारखे वाटे केले" अशी गोष्ट सांगतात, आणि ती गोष्ट तर भागिले दोनची झाली, भागिले अर्ध्याची नाहीच. बरोबर गोष्ट अशी की पावणेदोन लिटर पाणी आहे, अर्ध्या लिटरच्या बाटल्या किती भरतील? साडेतीन. आणि मग मुलगा विचारतो की भागाकार केल्यावर उत्तर मोठं कसं आलं, आणि खाली उरलेलं पाणी पाव लिटर आहे मग तुम्ही अर्धी बाटली का म्हणता, तेव्हा खरं शिकवणं सुरू होतं. ली शुलमन नावाच्या अभ्यासकानं १९८६ मध्ये हेच मांडलं, विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या पद्धती येणं वेगळं, आणि हा विषय या मुलाला कसा उलगडून दाखवायचा हे तिसरंच ज्ञान आहे आणि ते फक्त शिक्षकाकडे असतं. तुमच्याकडे शालेय गणिताच्या आत शिरणारा एखादा कोर्स असेल, मुलांच्या चुका वाचायला शिकवणारा, तर तो घे, मैत्रिणी घेवोत न घेवोत. अर्थात लायसन्सला वरच्या पातळीचं गणितच लागत असेल तर ते आधी, त्यात तडजोड नाही.

आता सरांच्या त्या सात मिनिटांकडे येते.

अ‍ॅडव्हायझिंगवर विचार करणाऱ्यांनी ही सात मिनिटं पन्नास वर्षांपूर्वीच बघितली होती. १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन यांनी मांडलं की अ‍ॅडव्हायझिंगच्या दोन तऱ्हा असतात, एकात अ‍ॅडव्हायझर डॉक्टरसारखा चिठ्ठी लिहून देतो आणि विद्यार्थी ती घेऊन जातो, दुसऱ्यात दोघं मिळून शोधतात आणि जबाबदारी पण वाटून घेतात, आणि त्यांचं म्हणणं होतं की हे दुसरं म्हणजे एक प्रकारचं शिकवणंच आहे. त्याच वर्षी टेरी ओ'बॅनियन यांनी याचा क्रम लावून दिला: आधी आयुष्यात काय हवंय ते, मग काम कुठलं करायचंय ते, मग प्रोग्रॅम, मग कोर्स, आणि सगळ्यात शेवटी वेळापत्रक. तुझी भेट कुठून सुरू होते बघ. फॉर्म, म्हणजे थेट शेवटच्या पायरीवरून. वरच्या चार पायऱ्या कुणी चढलंच नाही, म्हणून तर मैत्रिणींचे इलेक्टिव्ह तुझे झाले.

मला याचं जास्त वाईट वाटतं कारण ही शिक्षक घडवायची जागा आहे. उद्या तुझ्या वर्गातलं एखादं पोर तुझ्यासमोर येऊन उभं राहील, बाई मी पुढे काय घेऊ म्हणेल, आणि तू त्याच्याशी तसंच वागशील जसं तुझ्याशी कुणी वागलं. हे आपण मुद्दाम करत नाही, ते आत झिरपलेलं असतं. म्हणून शिक्षणशास्त्राच्या विभागात तरी अ‍ॅडव्हायझिंग नुसत्या सहीचं नसावं असं मला फार मनापासून वाटतं, आणि जे विभागप्रमुख हे वाचत असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की अ‍ॅडव्हायझरकडे किती मुलं दिलीत ते एकदा मोजा, आणि अ‍ॅडव्हायझर व्हायला त्यांना कुणी शिकवलंय का ते पण विचारा. बहुतेकांना कुणीच शिकवलेलं नसतं. यादीत नाव येतं आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं दारात.

पण विभाग सुधारेपर्यंत तू थांबू शकत नाहीस. म्हणून भेटीचं रूप तूच बदल. सरांना भेटायच्या दोन-तीन दिवस आधी मेल कर, छोटा, असा काहीतरी: "सर, मला पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं हवी आहेत. माझे क्रेडिट आणि लायसन्सच्या अटी यांचा तक्ता सोबत जोडलाय, त्यात मला दोन ठिकाणी शंका आहे, त्यावर खूण केलीय. आणि मला मोठ्या वर्गांना शिकवायचं की मधल्या, हे ठरत नाहीये, त्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय." बघ, यात वेळ मागितलाय, कागद दिलाय, आणि एक प्रश्न असा दिलाय ज्याचं उत्तर सही होऊच शकत नाही. हे मी समोरच्या खुर्चीत बसून अनुभवलंय, मुलगी रिकाम्या हाताने फॉर्म घेऊन आली की बाहेर पंधरा जणांची रांग डोळ्यासमोर असते आणि हात आपोआप पेनाकडे जातो, पण कुणी असा मेल केला की आपण पण तयारी करून बसतो, चार गोष्टी काढून ठेवतो, लाज वाटते तयारी न करता बसायची. भेट झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, "आज आपलं असं ठरलं, माझं समजण्यात चुकलं असेल तर सांगा". पुढे काही अडलं तर हा मेल तुझ्या कामाला येतो, आणि सरांच्या पण, त्यांनाही शंभर जणांचं काय काय लक्षात राहणार.

एवढं करूनही ते सात मिनिटांतच उठवत असतील, दोनदा असंच झालं, तर बदलून माग, त्यात काही वाईट नाही, बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. मागताना सरांबद्दल तक्रार लिहू नकोस, तुला काय हवंय ते लिही, की मला गणित मेथड आणि लायसन्सची माहिती असलेलं कुणी मिळालं तर बरं होईल. आणि कागदावर अ‍ॅडव्हायझर एकच असला तरी मनातल्या मनात तू तीन-चार जण धरून ठेव, एक नियमांसाठी, एक विषयासाठी, एक वर्गासाठी, आणि एक अशी मुलगी जी गेल्याच वर्षी पास होऊन पहिल्या नोकरीला लागलीय. सगळं एकाच माणसाकडून मिळेल ही अपेक्षा धरली की आपणच कुढत बसतो.

आता वर्ग. तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं वाटलं सांगू? "कुणीच बोलायचं नाही, शेवटी मीच उत्तर द्यायचं." तू किती वेळ थांबलीस ते लिहिलेलं नाहीस. तुला स्वतःला ते माहीत नसणार, कारण तिथे उभं असताना एक सेकंद पण युगासारखा वाटतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञान-शिक्षण अभ्यासिकेनं वर्गांच्या टेप ऐकून हेच मोजलं, १९७० च्या आसपास, आणि दिसलं असं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न फिरवतात, दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. आणि हेच थांबणं तीन सेकंद किंवा त्याहून थोडं जास्त केलं की मुलांची उत्तरं लांब होतात, "माहीत नाही" कमी होतं, कधी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. तीन सेकंद फक्त! आणि त्यांनी अजून एक जागा दाखवली, मूल बोलून झाल्यावरची. तिथे आपण लगेच "बरोबर, शाब्बास" म्हणून टाकतो आणि मुलाच्या डोक्यात अजून अर्धं वाक्य शिल्लक असतं ते तिथेच मरतं. तिथे पण थांबायचं.

म्हणजे तुझा वर्ग गप्प होता हे मला पटत नाहीये, मला वाटतंय तुझ्या वर्गाला बोलायला जागाच मिळाली नाही. दोन-तीनदा तू स्वतः उत्तर दिलंस की मुलांना कळतं, बाई सांगणारच आहेत, मग कशाला हात वर करा. मुलं फार पटकन शिकतात हे. पुढच्या पाठाला एखाद्या मैत्रिणीला मागच्या बाकावर बसव, तिच्या हातात घड्याळ दे, निरीक्षण वहीचे नेहमीचे रकाने भरू नकोस म्हणावं, फक्त प्रत्येक प्रश्नानंतर किती सेकंद गेले तेवढं लिही. आणि तू मनात हळू मोज, एक, दोन, तीन, चार. जीव कासावीस होईल, तरी तोंड उघडायचं नाही. मुलांना आधी सांगून टाकलंस तरी चालेल, की मी विचारल्यावर थोडं थांबणारे, वहीत लिहा आणि मग बोला, त्यानं तर फारच फरक पडतो, भित्र्या मुलांना हातात काहीतरी असल्याचा आधार वाटतो. आणि प्रश्नही बघ जरा, "याचं उत्तर किती" ला एकच जण बोलणार, "हे चूक कुठे झालंय" ला पाच जण बोलतात.

आणि मग तोच पाठ, निदान त्यातली दहा मिनिटं, पुन्हा घे. हे मी फार जोर देऊन सांगतेय. सूक्ष्म पाठ तुम्ही केले असतील पहिल्या सेमिस्टरला, सगळ्यांचे होतात. ही पद्धत १९६३ च्या सुमाराला स्टॅनफर्डमध्ये ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली, थोडी मुलं, थोडा वेळ, एकच कौशल्य, आणि फीडबॅक घेऊन लगेच पुन्हा शिकवणं. एनसीईआरटीनं तिचं ३६ मिनिटांचं चक्र बसवलं, ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं फीडबॅक, १२ मिनिटं नवी आखणी, ६ मिनिटं पुन्हा शिकवायचं, ६ मिनिटं पुन्हा फीडबॅक. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा कुठला बघ, आखणीचा, शिकवण्याच्या दुप्पट. आणि प्रत्यक्षात होतं काय, वेळ नाही म्हणून आपण पहिली ६ मिनिटं घेतो, कुणीतरी "छान, आवाज वाढव" म्हणतं, आणि पुनर्अध्यापन, म्हणजे ते पुन्हा शिकवणं, नुसतं वहीत लिहून टाकलं जातं. जिथे माणूस शिकतो तोच भाग कागदावर उरकला जातो. तू मॅडमना जाऊन सांग, मला हा पाठ पुन्हा घ्यायचाय. मार्कांसाठी नको, तसाच. बहुतेक मॅडम आनंदानं येतील, असं मागणारं कुणी भेटत नाही.

मॅडम आणि शाळेतले सर यांच्यात कुणाचं ऐकायचं? दोघंही वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून एकच वर्ग बघतायत गं. मॅडम बघतात तू ठरवलं होतंस काय आणि झालं काय. सर बघतात त्यांच्या पोरांना कळलं का, कारण तू गेल्यावर ती पोरं त्यांच्याच पदरात आहेत. युनिव्हर्सिटी आणि शाळा या दोन जगांत मध्ये अडकलेला नवा शिक्षक, हे दुखणं जुनंच आहे, १९८५ मध्ये दोन अभ्यासिकांनी त्याला दोन जगांचा खड्डा असं म्हटलं होतं. निरोप्यासारखी इकडचं तिकडे सांगत फिरू नकोस. दोघांना एकत्र बसव, पंधरा मिनिटं, पाठानंतर लगेच, जमलं नाही तर फोनवर, आणि दोघांना एकच प्रश्न विचार: "पुढच्या पाठात मी एकच गोष्ट बदलायची तर कुठली?" दहा सूचना नकोत, एक. मला जवळजवळ खात्री आहे दोघं एकाच गोष्टीवर येतील, कारण टाचणात तू मुलांच्या उत्तरांना जागाच ठेवली नसशील, म्हणून टाचण पण मोडलं आणि मुलांकडे बघणं पण राहिलं. टाचणात उजवीकडे एक रकाना काढ, "मुलं काय म्हणू शकतील", निदान तीन उत्तरं लिही, त्यातली दोन चुकीची लिही.

आणि "मी या लाईनची नाहीच" हे. डॅन लॉर्टी नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये हिशोब मांडला होता की शाळा संपेपर्यंत प्रत्येक जण जवळपास १३ हजार तास शिक्षकांना बघत बसलेला असतो. बाकावरून. त्या १३ हजार तासांत आपल्याला फळ्यासमोरची बाई दिसते, तिनं आदल्या रात्री काय खोडलं, कुठला प्रश्न बदलला, कुठल्या मुलासाठी काय राखून ठेवलं हे काहीच दिसत नाही. म्हणून वाटतं शिकवणं म्हणजे उभं राहिलं की यायला हवं, नाही आलं म्हणजे आपल्यात ते नाहीच. दुसरं कुठलं काम आपण इतकं बाहेरून बघून शिकायला जात नाही. तू आत्ता पहिल्यांदा फळ्याच्या बाजूनं बघतेयस, धडपडणारच. मला खरं तर तुझ्या पत्रात एक गोष्ट फार आवडली, तू असं कुठेच लिहिलं नाहीस की मुलं मठ्ठ आहेत. वर्ग गप्प बसला तर बरेच जण हेच लिहितात.

तरीपण, नसेलच करायचं तर काय, ते पण सांगते, लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. पुनर्अध्यापन धरून अजून निदान पाच-सहा पाठ घे, प्रत्येक पाठानंतर त्याच दिवशी दोन ओळी लिही, आज काय आवडलं आणि काय नको वाटलं. सहाव्या पाठानंतर सगळ्या ओळी एकदम वाच. नको वाटलेलं सगळं मार्क, फाईली, निरीक्षण, धावपळ याबद्दल असेल तर तो कोर्सचा त्रास आहे, कोर्स संपला की बराचसा संपतो. पण मुलांसोबत असणंच जर नको वाटत असेल, सहाच्या सहा वेळा, तर ते खरं मान आणि अ‍ॅडव्हायझर सरांना सरळ विचार की माझे क्रेडिट दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये धरले जातील. अभ्यासक्रम तयार करणं, पाठ्यसामग्री लिहिणं, प्रौढांना ट्रेनिंग देणं, शैक्षणिक संशोधन, अशा बऱ्याच कामांना हे शिक्षण चालतं. विशेष मुलांसाठी शिकवायचं मनात आलं तर मात्र त्याची पात्रता बहुतेक ठिकाणी वेगळी असते, पुन्हा तो दोन बाजूंचा कागद काढावा लागेल.

तर या आठवड्यात ऑफिसात जाऊन ये, कागद भर, सरांना मेल टाक, आणि मॅडमकडून त्या दहा मिनिटांची तारीख घे. पाठ पुन्हा घेतलास की मला लिही, कसा झाला ते सावकाश लिही, पण आधी मैत्रिणीनं मोजलेले सेकंद किती आले ते लिही.